शरण दिली, आता जागा द्यावी

नाशिकमध्ये शरणपूर रस्ता ठाऊक नाही असा माणूस सापडणे कठीण आहे. दवाखान्यांच्या पत्त्यांत, दुकानांच्या पाट्यांवर आणि रिक्षाचालकांच्या तोंडी हे नाव दिवसभर असते. मात्र त्यातला 'शरण' हा शब्द कोणाच्या कानाला वेगळा लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडच्या अँग्लिकन पंथातील चर्च मिशनरी सोसायटीने त्या वेळच्या शहराबाहेर एक ख्रिस्ती वस्ती वसवली, तिचे हे नाव. धर्मांतरामुळे घराबाहेर काढलेल्यांना तिथे आसरा मिळत असे, अनाथ मुलांना शिक्षण मिळत असे, आणि सुतारकाम-लोहारकामासारखे हातकाम शिकवून त्यांना पायावर उभे केले जात असे. हिंदी महासागरातल्या अरबी गलबतांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकन गुलामांची मुलेही याच वस्तीत वाढली.

त्या मुलांपैकी जेकब वेनराइट हे नाव इतिहासात राहिले. १ मे १८७३ रोजी, आज ज्या देशाला झांबिया म्हणतात तिथल्या एका खेड्यात आफ्रिकेचा संशोधक-मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचा मृत्यू झाला, तेव्हा त्याचे हृदय एका झाडाखाली पुरताना अंत्यविधीच्या प्रार्थना वाचणारा आणि त्या झाडाच्या खोडावर अक्षरे कोरणारा तरुण शरणपूरच्या शाळेत शिकलेला होता. पुढे तो शव घेऊन इंग्लंडपर्यंत गेला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन झाले तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत तोही होता. आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या समुदायात, हा प्रसंग अभिमानाने सांगितला जातो. शब्बाथ शाळेत तो मी स्वतः मुलांना अनेकदा सांगितला आहे.

परंतु तो सांगताना एक गोष्ट आपण टाळतो. जेकब वेनराइट हे त्या मुलाचे जन्माचे नाव नव्हते. आसरा देणाऱ्यांनी अन्न दिले, विद्या दिली, आणि नावही दिले. आईने ज्या नावाने हाक मारली असेल ते नाव मात्र मागे पडले. मिशनऱ्यांच्या दयाबुद्धीविषयी मला शंका नाही, आणि त्यांनी त्या मुलांना वाचवले नसते तर पुढे काय झाले असते हेही मी जाणते. तरी शरण देण्याच्या व्यवहारात देणारा वर आणि घेणारा खाली राहतो, घर देणाऱ्याचे राहते आणि घराचे नियमही त्याचेच राहतात. नाशिकच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांनी, आणि एकंदर मराठी ख्रिस्ती समाजाने, आज स्वतःला विचारावयाचा प्रश्न माझ्या मते हाच आहे: आपण शरण देणारी मंडळी राहणार आहोत, की आलेल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या नावाने ओळखून बसायला जागा, बोलायला वेळ आणि निर्णयात मत देणारी मंडळी होणार आहोत? 'सर्वसमावेशक मंडळी' हा शब्द अलीकडे प्रवचनांतून ऐकू येऊ लागला आहे. त्याचा मला समजणारा अर्थ या दुसऱ्या पर्यायात आहे, आणि तो अर्थ आपण स्वीकारला पाहिजे असे मला वाटते.

काही वर्षांपूर्वीचा एक रविवार मी विसरू शकत नाही. उपासना सुरू झाल्यावर एक तृतीयपंथी व्यक्ती आत आली आणि शेवटच्या बाकावर बसली. कोणीही तिला हटकले नाही. दारावरच्या भावाने हात जोडून स्वागत केले, गीतांचे पुस्तक दिले, शेजारच्या रांगेतल्या बायकांनी मान लववून 'सलाम' म्हटले. मात्र त्या बाकावर दुसरे कोणी बसले नाही. त्या दिवशी चर्च भरलेले होते, दोन-तीन तरुण मागे भिंतीला टेकून उभे होते, आणि तो बाक तसाच राहिला. प्रभुभोजनाची, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याची, वेळ आली, रांगा पुढे सरकल्या, आणि ती व्यक्ती उठली नाही. उठावे असे तिला सांगणारेही कोणी नव्हते. मी तेव्हा मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीवर होते. माझी जागा तिच्यापासून तीन बाकांवर होती, आणि मीही उठले नाही. ती व्यक्ती पुन्हा आमच्याकडे आली नाही. कमिटीच्या पुढच्या बैठकीत मी विषय काढला, तेव्हा एका वडीलधाऱ्या सभासदांनी शांतपणे सांगितले, 'आपण कोणाला अडवले तर नाही ना?' त्यांचे म्हणणे खरे होते. अडवले नव्हते, पण न अडवणे एवढ्यावरच समाधान मानता येत नाही, हे त्या दिवशी मला प्रथम नीट कळले.

प्रोटेस्टंट परंपरेत हे समाधान मानण्यास तर मुळीच जागा नाही. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने सुरू केलेल्या धर्मसुधारणेनंतर युरोपात जे मंथन झाले त्याच्या गाभ्याशी एक विचार होता: देव आणि माणूस यांच्यामध्ये याजकांचा वेगळा वर्ग उभा नाही, विश्वास ठेवणारा प्रत्येक जण याजकच आहे. हा विचार मराठीत आला तेव्हा त्याचा अर्थ किती मोठा होता, हे ज्यांना मंदिराच्या पायरीवर पाय ठेवण्याची मुभा नव्हती त्यांना वेगळे समजावून सांगावे लागले नाही. पण प्रत्येक जण याजक असेल तर प्रभुभोजनाच्या मेजाजवळ कोणी यावे हे ठरवण्याचा अधिकार मोजक्या घराण्यांकडे कसा राहू शकतो? शेवटच्या बाकावरच्या व्यक्तीला निमंत्रण न देणे म्हणजे आपल्याच मूळ तत्त्वाला न जुमानणे होय.

हा प्रश्न केवळ लैंगिक अल्पसंख्याकांचा आहे, असे समजून आपण त्याला बाजूला सारतो. आपल्या समाजात तो आधी जातीचा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध दलितांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलितांना अजून मिळालेला नाही. हा अन्याय आहे, आणि तो दूर व्हावा म्हणून आपल्या संस्था दशकानुदशके निवेदने देत आहेत. धर्म बदलला तरी जात मागे लागते, ख्रिस्ती झालेल्या दलिताला गावही सोडत नाही आणि मंडळीही पूर्ण आपले मानत नाही, हाच आपला युक्तिवाद आहे. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये दिलेल्या अहवालात धर्माची ही अट काढण्याची शिफारस केली, तेव्हा आपल्याला आनंद झाला. आता विचार करावा: जी गोष्ट आपण दिल्लीत आयोगासमोर पुरावे देऊन सांगतो, तीच गोष्ट नाशिकमध्ये मंडळीच्या बैठकीत कोणी बोलली तर आपण तिला फूट पाडणारी म्हणतो. मुलीचे स्थळ पाहताना 'आपल्यातले' हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला जातो हे आपल्याला माहीत आहे. बाप्तिस्मा घेऊन चार पिढ्या झालेल्या घरांतसुद्धा 'मूळ कोणते' हा प्रश्न विचारला जातो, आणि तो हळू आवाजात विचारला जातो यावरूनच तो अयोग्य असल्याची जाणीव विचारणाऱ्याला आहे हे स्पष्ट होते.

गोदावरीच्या पलीकडे पंचवटीत २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील तो लढा पाच वर्षे चालला आणि दरवाजा उघडला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. त्या दिवसांत या शहरात चर्चचा दरवाजा उघडा होता. असे असूनही बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. त्यांच्या कारणांची चर्चा विद्वानांनी केली आहे, आणि ती सगळी इथे मांडण्याची जागा नाही. परंतु चर्चमध्ये शिरलेल्या जातिभेदावर त्यांनी केलेली टीका तरी आपण मान खाली घालून वाचली पाहिजे. उघडे दार पुरेसे नसते, हे या शहराला ती टीका वाचून तेव्हाच कळायला हवे होते.

स्त्रियांविषयी मला थोडक्यात सांगायचे आहे, कारण इथे वाद कमी आणि आळस अधिक आहे. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला तो पतीच्या मागोमाग घेतला नव्हता. पाच वर्षे स्वतः विचार केल्यावर घेतला होता. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही तिथल्या आपल्या मार्गदर्शकांशी सिद्धांतांवरून निर्भीडपणे वाद घातला. अशा स्त्रियांच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या मंडळ्यांत प्रीतिभोजनाचा स्वयंपाक महिला मंडळाकडे आणि हिशेबाची वही पुरुषांकडे ही वाटणी अजून चालते. ख्रिस्ती पत्नीला घटस्फोटासाठी केवळ पतीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरत नव्हते, त्याबरोबर क्रूरता किंवा परित्यागासारखे आणखी कारण द्यावे लागत होते, आणि पतीला मात्र व्यभिचार एवढेच कारण पुरत होते. १८६९ च्या कायद्यातील हा भेद २००१ मध्ये दूर झाला. कायदा बदलला, तरी घटस्फोटित स्त्रीला मंडळीत एकटे बसताना जे सोसावे लागते ते अजून बदललेले नाही.

आता ज्या विषयावर सर्वांत अधिक आवाज चढतो त्याकडे वळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारी तरतूद रद्द केली, आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाचा हक्क देण्यास नकार दिला. देश या प्रश्नावर पायरी-पायरीने चालला आहे. मंडळीने काय करावे हे न्यायालय ठरवणार नाही आणि ठरवूही नये. ते आपण पवित्र शास्त्र उघडून ठरवले पाहिजे. 'शास्त्रात लिहिले आहे' असे म्हणून पुस्तक मिटणाऱ्यांना माझी विनंती आहे की ते मिटू नये, पुढची पाने वाचावीत.

पवित्र शास्त्रातील 'अनुवाद' नावाच्या मोशेच्या ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात नियम आहे की षंढ केलेल्या पुरुषाने परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये. नियम स्पष्ट आहे, त्यात पळवाट नाही. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या छप्पन्नाव्या अध्यायात मात्र तोच परमेश्वर षंढांना सांगतो की मी वाळलेले झाड आहे असे म्हणू नका; माझ्या मंदिरात आणि माझ्या भिंतींच्या आत मी तुम्हाला पुत्र आणि कन्या यांहून थोर असे, कधी पुसले न जाणारे नाव देईन. आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात आफ्रिकेतला एक षंढ अधिकारी यरुशलेमेत उपासना करून रथातून परत जात असतो. मोशेच्या नियमाप्रमाणे ज्याला सभेत जागा नव्हती तोच तो माणूस, आणि त्याच्या हातात ग्रंथ आहे तो यशयाचा. तो जो भाग वाचत आहे त्यापासून छप्पन्नावा अध्याय फार दूर नाही. वाटेत पाणी दिसते, आणि तो रथात शेजारी बसलेल्या सुवार्तिक फिलिप्पाला विचारतो की माझा बाप्तिस्मा होण्यास कोणती हरकत आहे. फिलिप्पाला हरकत सांगता आली असती, त्याच्यापाशी अनुवादातले वचन होते. तो त्याच्याबरोबर पाण्यात उतरतो.

शास्त्र आपल्याच एका नियमाच्या पुढे जाताना इथे दिसते, आणि त्या पुढे जाण्याची दिशा प्रत्येक पायरीवर अधिक माणसांना आत घेण्याकडे आहे. ज्या वचनांचा आधार घेऊन समलिंगी भावंडांना दूर ठेवले जाते ती वचने मी नाकारत नाही. त्यांच्या अर्थावर जगभरचे अभ्यासक प्रामाणिकपणे वाद घालत आहेत. परंतु एखादे वचन वाचताना शास्त्राचा प्रवाह कोणीकडे जात आहे हे पाहायचे नाही, असा नियम आपण स्त्रियांच्या बोलण्याविषयी आणि गुलामगिरीविषयी पाळला नाही. पाळला असता तर शरणपूर वसलेच नसते. आफ्रिकेतल्या त्या माणसाच्या प्रश्नाला उत्तर देण्याची पाळी आफ्रिकन मुलांना वाढवणाऱ्या या गावावर पुन्हा आली आहे, असे मला मनापासून वाटते. यशयाने ज्या नावाचे वचन दिले ते देणाऱ्याच्या सोयीचे नाव नव्हते, एवढेही इथे लक्षात ठेवावे.

हे सगळे पाश्चात्त्यांचे अनुकरण आहे, असा आक्षेप घेतला जातो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कॉंग्रेगेशनल या प्रोटेस्टंट पंथाने १८५३ मध्ये अँटोइनेट ब्राऊन या स्त्रीला पाळकपदाची दीक्षा दिली, आणि त्याच पंथातून वाढलेल्या युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टने १९७२ मध्ये विल्यम जॉन्सन या उघडपणे समलिंगी असलेल्या तरुणाला दीक्षा दिली, हे खरे आहे. पण १८१३ मध्ये मुंबईत आलेले आणि पुढे तेव्हाच्या अहमदनगर भागात काम वाढवणारे अमेरिकन मराठी मिशन याच पंथाच्या मुळाशी जोडलेले होते. लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले ते याच मिशनद्वारे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अनेक प्रोटेस्टंट पंथांची मिळून उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली, तेव्हा नाशिकची अँग्लिकन परंपरा आणि त्या मिशनची परंपरा एकाच छपराखाली आल्या. ज्यांच्यापासून आपण शास्त्र वाचायला शिकलो, त्यांनी पुढे वाचलेली पाने तेवढी परकी, असे म्हणता येणार नाही.

शिवाय आपल्याला बाहेर पाहण्याचीही गरज नाही. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून स्थान होते. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, टिळक गेले आणि तो प्रयोग रुजला नाही. परंतु त्यांनी निवडलेला शब्द आपण पाहावा. त्यांनी आश्रम म्हटले नाही, आसरा म्हटले नाही. दरबारात प्रत्येकाचे आसन असते आणि राजा एकच असतो. पराश्रयी हिंदी ख्रिस्ती माणसाचे दुःख टिळकांना आतून माहीत होते, म्हणूनच शरणपूरच्या कल्पनेपुढचे पाऊल त्यांना सुचले असावे असे मी समजते.

ज्या आक्षेपाने मी खरोखर थांबते तो वेगळा आहे. आपण संख्येने थोडे आहोत. धर्मांतराच्या संशयाने आपल्याकडे पाहिले जाते, प्रार्थनासभांना अडथळे होतात, दफनभूमीसाठीही कार्यालयांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. अशा वेळी घरातले वाद चव्हाट्यावर आणू नयेत, आधी घर वाचवावे, असे अनेक समंजस माणसे सांगतात. त्यांची भीती खोटी नाही, आणि तिला हसणाऱ्यांच्या पंक्तीत मी बसणार नाही. तरी मला विचारायचे आहे की घर म्हणजे कोण? गेल्या काही वर्षांत आमच्या मंडळीतून पुण्या-मुंबईला गेलेल्या तरुणांपैकी काही जण केवळ नोकरीसाठी गेले नाहीत. एकाने जातीबाहेर लग्न केले होते, एकीने मोडलेल्या लग्नाची चर्चा ऐकून ऐकून येणे सोडले, आणि एकाने आपल्या मनाची गोष्ट पाळकसाहेबांना विश्वासाने सांगितली होती, ती आठवड्याभरात सर्वांना कळली. थोड्या असलेल्या समाजाला आपली मुले गमावणे परवडते का? धर्मांतराच्या संशयाचेही असेच आहे. जो केवळ भजन ऐकायला, दुःखात बसायला किंवा मित्राबरोबर येतो त्याला बाप्तिस्म्याच्या दिशेने ढकलले जात नाही, त्याला तसाच मान मिळतो, हे शेजाऱ्यांना दिसले तर संशय जितका कमी होईल तितका तो कोणत्याही खुलाशाने होणार नाही.

आपल्याकडे हे शिकवणारे प्रसंग आहेत, हे मला विशेष सांगायचे आहे, कारण सुधारणेची भाषा अनेकदा कायदे आणि ठरावांचीच होऊन बसते. कापणीच्या सणाला वेदीसमोर द्राक्षांच्या पेट्या, कांद्याच्या गोण्या, मेथीच्या जुड्या, कोंबड्या आणि घरच्या पापडांची पाकिटे येतात, आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. त्या लिलावात मी पाहिले आहे की बंगल्यातल्या डॉक्टरांनी आणलेली पेटी आणि खोलीत भाड्याने राहणाऱ्या बाईने आणलेली जुडी एकाच मेजावर असतात, आणि जुडीची बोली कधी पेटीच्या वर जाते, कारण ती कोणी आणली हे सर्वांना माहीत असते आणि तिचा मान राखावा असे सर्वांना वाटते. कोणी आजारी पडले तर जेवणाचे डबे कोणाचे कधी जायचे हे न लिहिता ठरते. कोणाचे माणूस गेले तर रात्र जागवायला लोक येतात. ही माया आपल्यात आहे. तिला सीमा कुठे पडते, एवढेच तपासायचे आहे: तो डबा दोन स्त्रिया एकत्र राहत असलेल्या घरी जाईल का, आणि मुलाने स्वतःला मुलगी म्हणून ओळखायला सुरुवात केली आहे अशा घरी जाईल का, आणि त्या घरी जाणारा माणूस उंबऱ्यावरून परतेल की आत बसून चहा घेईल?

येत्या वार्षिक सभेत मी काही सूचना मांडणार आहे. प्रभुभोजनाच्या आधी पाळकांनी निमंत्रणाचे जे शब्द उच्चारायचे त्यात, जात, लिंग, वैवाहिक स्थिती किंवा मनाचा कल यांमुळे कोणीही बाकावर बसून राहू नये, असे स्पष्टपणे म्हटले जावे. पास्टोरेट कमिटीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि हिशेबनीस दर दुसऱ्या वेळी त्यांच्यातून निवडला जावा. विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेर फोडणाऱ्याला पद सोडावे लागेल असा नियम व्हावा. दफनभूमीत जागा देताना मृताच्या जगण्याची चौकशी होऊ नये. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी पायऱ्यांशेजारी उतार बांधावा. त्याला किती सिमेंट लागेल याचा अंदाज आमच्यातल्या एका गवंडीभावाने आधीच काढून दिला आहे. यांपैकी किती सूचना मान्य होतील हे मी सांगू शकत नाही, आणि काही जण सभा सोडून जातील याची मला कल्पना आहे. ते जायला निघाले तर मी त्यांच्यामागे दारापर्यंत जाईन, कारण तेही माझ्या मंडळीचेच आहेत.

तोपर्यंत मी रविवारी माझी जागा बदलली आहे. तीन बाक पुढची ती जुनी जागा सोडून मी आता शेवटच्या बाकावर बसते आणि शेजारी एका माणसापुरती जागा ठेवते.